दहा मिनिटांचं वाचन

तिसरीच्या वर्गाचा वाचनाचा तास मी दहा मिनिटांवर आणला, तेव्हा आमच्या आचार्यांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मला ऑफिसात बोलावून विचारलं, "बेन, मग उरलेल्या वेळात काय करणार?"

सुरतेत शिक्षिकेला बेनच म्हणतात, मराठी माध्यमाच्या शाळेतसुद्धा. मी स्वतः याच शहरात मराठीत शिकले. वडील बँकेच्या नोकरीत नाशिकहून इथे आले आणि इथलेच झाले. आम्ही आमच्या शिक्षिकेला बाई म्हणायचो. आता वर्गात कुणी बाई म्हटलं तर मुलं एकमेकांकडे बघून हसतात, कारण त्यांच्या लेखी बाई म्हणजे भांडी घासायला येते ती.

आमची शाळा गोडादऱ्यात आहे. मुलं जवळजवळ सगळी खानदेशातून आलेल्या घरांची. बाप लूम्सच्या कारखान्यात, आया घरी बसून साड्यांना खडे चिकटवतात नाहीतर धागे कापतात. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि पुस्तकात मराठी. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी चौथी भाषा असते, हे मला नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर नीट कळलं. तोवर मी आपली माझ्या बाईंनी शिकवलं तसंच शिकवत होते. आख्खा तास एक धडा. आधी मी वाचायचे, मग सगळ्या वर्गाने एका सुरात वाचायचं, मग एकेकाने उभं राहून. पंखा गरगरायचा, मुलं पेंगायची आणि धडा पुढे सरकायचा.

हे बदललं ते एका मुलीमुळे. त्या वर्षी ती माझ्या वर्गात नवीन आली होती. आधीची शाळा तिने इच्छापोरकडे केली होती, कारण बाप तिकडे कुठल्याशा कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. मग तो पुन्हा लूम्सवर आला आणि घर गोडादऱ्यात आलं. मुलगी तरतरीत होती. बोलायला लागली की थांबायची नाही. पुस्तकात हरवलेल्या कोकराचा एक धडा होता. तिने तो वर्गाला अहिराणीत सांगितला, आणि तिच्या गोष्टीत ते कोकरू थेट एसटीत चढलं. कंडक्टरने त्याच्याकडे आधार कार्ड मागितलं. वर्ग हसून हसून लोळला. मीही हसले. तेवढ्यात ती दम घेऊन म्हणाली, "मग कोकरू म्हणालं, कार्ड माझ्या आईकडे आहे, आणि आईच तर सापडत नाही." 

अशी मुलगी वाचत नसेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. माझ्याही आलं नाही. उभी राहिली की ती धडा खाडखाड म्हणायची. एकदा मी बाकांमधून फिरत होते. ती वाचत होती, आवाजाच्या चढउतारासकट. मी सहज तिच्या पुस्तकात डोकावले. तिच्या पुस्तकात ते पानच नव्हतं. फाटून गेलं होतं. ती भलत्याच पानावर नजर ठेवून हरवलेल्या पानावरचा मजकूर अचूक म्हणत होती.

 मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं आणि फळ्यावर एक अक्षर काढलं, 'म'. तिने फळ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा फळ्याकडे. मग हसून म्हणाली, "बेन, तुम्ही आधी म्हणा ना."

पुढच्या आठवड्यात मी सगळ्या वर्गाला एकेक करून असंच जवळ बसवलं. ती एकटी नव्हती. वर्गातली निम्मी मुलं सुरावर तरंगत होती. शब्द पाठ होते, पण डोळ्यांचा आणि त्या शब्दांचा संबंध नव्हता.

त्याआधी एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की पाठ संपल्यावर मुलाला नेमकं काय यायला हवं ते एका वाक्यात सांगता येत नसेल, तर पाठ सुरूच करू नका, आणि पाठ लहान ठेवा. तेव्हा आम्ही सगळ्या शिक्षिका चहाच्या कपाआडून हसलो होतो. आता मला ते आठवलं. दुसरं काही सुचतही नव्हतं. मी ठरवलं, दहा मिनिटं, आणि एका दिवशी एकच गोष्ट. आज पहिली वेलांटी. उद्या दुसरी. परवा दोन्हींतला फरक. सुरुवातीलाच मी सांगायचे, "आज आपल्याला एवढंच यायला हवं," आणि दहा मिनिटं झाली की पुस्तक मिटायचे. पहिल्या दिवशी मुलांचा विश्वासच बसेना. "झालं?" असं विचारत ती बसूनच राहिली.

आचार्यांना मी सांगितलं की उरलेल्या वेळात गोष्टी, गाणी, चित्रं, गणित, आणि दुपारी पुन्हा दहा मिनिटं वाचन. ते चांगले गृहस्थ होते. त्यांची पंचाईत वेगळीच होती. मराठीच्या वर्गांचा पट दरवर्षी घटत होता, लोक मुलांना इंग्रजीत नाहीतर गुजरातीत टाकत होते. ते म्हणाले, "बेन, पालक खिडकीतून बघतात. त्यांना वाचनाचा आवाज यायला पाहिजे." मी म्हटलं, दिवाळीपर्यंत बघा, नाही जमलं तर पूर्ववत करू. त्यांनी मान डोलावली.

आणि जमलं. मुलं खरंच वाचायला लागली. अगदी हळू, बोट ठेवून, अडखळत. तो पहिला एकसुरी गजर गेला आणि त्याच्या जागी तुटक तुटक आवाज आले. एक मुलगा खिचडीच्या ओळीत उभा राहून पुढच्याच्या दप्तरावरची अक्षरं लावत बसायचा. खिचडी हातात आली तरी त्याचं लक्ष तिकडेच. त्या दिवसांत मी घरी आनंदात जायचे. नवऱ्याला जेवताना सांगायचे, आज अमक्याने 'पाऊस' वाचलं. तो म्हणायचा, "बाहेर ऊन आहे," आणि भाजी वाढून घ्यायचा.

ज्या मुलीमुळे हे सगळं सुरू झालं, तिचं मात्र काहीच पुढे सरकेना.

मधल्या सुट्टीत ती घरी पळून जायला लागली होती. बापाने बायकोला सांगितलं, तू जाऊन बस तिथे. म्हणून तिची आई रोज यायची आणि आमच्या वर्गाच्या दाराबाहेर व्हरांड्यात बसायची. लहानखुरी, तिशीच्या आतली, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी. सोबत साड्यांचं गाठोडं आणि छोटी कात्री. मांडीवर साडी पसरून ती मागच्या बाजूचे लोंबते धागे कापत बसायची. आचार्य एकदोनदा कुरकुरले, पण मुलगी पळत नाही म्हटल्यावर त्यांनीही दुर्लक्ष केलं.

त्या दिवशी आमचं उकारांचं चाललं होतं. मी फळ्यावर 'कु' आणि 'कू' लिहून विचारलं, यातला पहिला उकार कोणता?  आणि दारातून आवाज आला, "डावीकडला शे ना बेन?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिने पदर तोंडावर घेतला आणि मान खाली घालून भराभर कात्री चालवायला लागली. तिची मुलगी ओरडली, "मनी मायले उनं!" म्हणजे माझ्या आईला आलं. तिला केवढा आनंद झाला होता.

वर्ग सुटल्यावर मी त्या बाईला विचारलं, शाळेत गेला होतात का? ती म्हणाली, नाही, भावंडं सांभाळली. मग इतकं कसं कळलं? ती जरा विचार करून म्हणाली, "तुम्ही थोडं थोडं सांगतस ना बेन, म्हनीसन ध्यानमा ऱ्हास." थोडं सांगता म्हणून लक्षात राहतं. सकाळी एक गोष्ट ऐकायची आणि दिवसभर धागे कापताना तीच मनात घोळवायची. माझ्या दहा मिनिटांचा इतका चांगला उपयोग आत बसलेल्या कुणीच करून घेत नव्हतं.

मी तिला एक जुनं पुस्तक दिलं. ती दारात बसायची तशीच बसत राहिली, फक्त साडीखाली आता पुस्तक असायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली तेव्हा तिने मला पुस्तकातल्या चार ओळी वाचून दाखवल्या. प्रत्येक शब्दाला थांबत, ओठ दाबत. शेवटच्या शब्दाला पोचली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. मुलगी तिच्या खांद्याला टेकून उभी होती. आई अडली की ती कानात पुढचा शब्द सांगायची. तिला तो धडा पाठ होता ना.

मी त्या मुलीसाठी काय नाही केलं. दहाऐवजी पाच मिनिटं केली. दिवसाला एक नाही, आठवड्याला एक अक्षर घेतलं. रेतीत गिरवून घेतलं, ओल्या मातीची अक्षरं केली. तिच्या आईने साड्यांच्या किनारीला लावायच्या लेसचे तुकडे आणले. ते पुठ्ठ्यावर चिकटवून आम्ही मोठमोठी अक्षरं केली. डोळे मिटून ती त्यांवरून बोटं फिरवायची आणि खणखणीत सांगायची, "म!" "घ!" "ल!" मी टाळ्या वाजवायचे. मग पुस्तक उघडून तोच 'म' दाखवायचे. ती वाकून बघायची. माझ्या तोंडाकडे बघायची. मला तर तिच्यापेक्षा पुस्तकाचाच राग यायचा. आज जे आलं ते उद्या गेलेलं असायचं, जणू ते कधी आलंच नव्हतं. आणि ती आळशी नव्हती हो. ती इतका जीव लावून बघायची की माझीच मान दुखायची.

त्यातच थंडीत ती गप्प झाली. वर्गात गोष्ट सांग म्हटलं तर "नको" म्हणायची. मला वाटलं, अंगात कसकस असेल. मग एका दुपारी तिच्या शेजारच्या घरातल्या मुलीने मला सांगितलं, "बेन, तिची मम्मी तिला खेळायला सोडत नाही. वाचल्याशिवाय उठू देत नाही."

मी दुसऱ्या दिवशी आईला बाजूला घेतलं. म्हटलं, "असं करू नका. तिला त्रास होतो."

ती मान खाली घालून ऐकत होती. मग तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काही तरी समजून घ्यायचं असावं तसा चेहरा होता. ती म्हणाली, "तुम्हीच सांगं ना बेन. एकच गोष्ट धरा. ती आली म्हणजे उठा. मी एकच अक्षर लेस. दुसरं नही. पन ती येतच नही, मंग उठू कशी?"

एकच अक्षर घेते, पण ते येतच नाही, मग उठू कशी. माझंच सांगणं ती मला ऐकवत होती. मी वर्गात वेळ संपली की उठत होते. गोष्ट आली म्हणून नव्हे. बाकीच्या मुलांना ती दहा मिनिटांत येत होती, त्यामुळे या दोन्हींत फरक आहे हे कधी दिसलंच नव्हतं. हिच्या घरी मात्र ते एक अक्षर संध्याकाळपासून जेवणापर्यंत चालायचं, जेवण झालं की पुन्हा. मी तिला सांगितलं, घड्याळ लावा, दहा मिनिटं झाली की आलं-न आलं सोडून द्या. ती "हो" म्हणाली. पण मला तिचा चेहरा दिसत होता. जे आपल्याला दारात बसून आलं, ते आपल्या पोरीला आत बसून का येऊ नये, हे तिच्या मनातून जात नव्हतं. 

मग मी आचार्यांची परवानगी काढून दोघींना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. डोळे तपासले, चांगले होते. कान तपासले, तेही चांगले. तिथून आम्हाला एका मॅडमकडे पाठवलं. मुलांना वाचायला का येत नाही ते त्या बघतात असं कळलं. गुजराती होत्या, बोलायला गोड. त्यांनी मुलीला समोर बसवून चित्रं दाखवली, ठोकळे दिले. मुलीने सगळं पटापट केलं आणि वर त्यांना हिंदीत विचारलं, "आपके घर में बिल्ली है? फिर ये खिलौना किसने चबाया?" मॅडम खळखळून हसल्या. कितीतरी दिवसांनी तिला असं बोलताना मी ऐकत होते.

मग मॅडमनी विचारलं, "कयुं माध्यम?"

मी म्हटलं, मराठी.

त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "जुओ बेन, वाचनाची चाचणी माझ्याकडे गुजरातीत आहे, इंग्रजीत आहे. हिंदीत थोडीफार आहे. मराठीत नथी." त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्या म्हणाल्या, पोर हुशार आहे, यात शंका नाही. वाचनाचीच अडचण दिसते. अशा मुलांना शिकवायला वेगळे शिक्षक असतात, सावकाश, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. मी विचारलं, मराठीत शिकवणारं कुणी? त्यांनी ओळखीच्या एकदोघांना फोन लावला. नव्हतं कुणी. त्यांना माहीत असलेलं तरी नव्हतं. आम्ही उठताना त्या मला म्हणाल्या, "तुम्ही एवढं करा बेन, रोज थोडं थोडं घ्या. एका वेळी एकच गोष्ट."

मी मान हलवली. 

परत येताना रिक्षात आई मधे बसली होती. तिने एकदाच विचारलं, "हुशार शे म्हने ना ती?" मी म्हटलं, हो, हुशार आहे म्हणाल्या.  मुलगी बाहेर बघत होती आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा रंग मोठ्याने सांगत होती.

होळीच्या सुमाराला बाप शाळेत आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. पाळी संपवून थेट आला होता, केसांत धाग्यांची बारीक लव अडकलेली. तो माझ्याशी हात जोडून बोलला, पण थकला होता. म्हणाला, "घरमा रोज रडारड. मी पाळी करीसन येस, झोपाले जागा नही, आन् ह्या मायलेकी पुस्तक लिसन बठेल ऱ्हातस." दोघी पुस्तक घेऊन बसलेल्या असतात, बायको ऐकत नाही. पोर जेवत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आम्ही गावी जाणार आहोत, मी तिला माझ्या बहिणीकडे ठेवून येतो. तिकडे मोकळी राहील.

मी विनवलं. म्हटलं, अजून एक वर्ष माझ्याकडे राहू द्या, चौथीला मीच तिला घेईन, मी आचार्यांशी बोलते. तो म्हणाला, "तुमना कडे ठेवीसन ती वाचाले लागी का?" तिला वाचता येईल याची खात्री देता का, असंच त्याला विचारायचं होतं. आवाजात टोचणी नव्हती. खरंच विचारत होता तो.

मी त्याला बसायला खुर्ची दिली आणि उठले.

आचार्यांकडे गेले. त्यांनी रजिस्टर बाजूला सारलं आणि म्हणाले, "तिच्या बापाने नेतो म्हटल्यावर आपण कोण? आपल्याला एक पोर कमी झाल्याचं दुःख आहेच, बेन." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण तुमच्या वर्गातली बाकीची वाचतायत. मी ऐकतो ना व्हरांड्यातून." मला बरं वाटावं म्हणून बोलले होते ते. मी स्टाफरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

वर्षाचे शेवटचे दिवस मी तिला वाचायला बसवलंच नाही. इतर मुलांची दहा मिनिटं चालू असताना तिला फळ्यावर चित्रं काढायला दिली. ती काढायची, पण मधेच थांबून वळून बघायची. बाकीचे सगळे पुस्तकावर वाकलेले. एकदा तिने खडू ठेवला, येऊन माझ्या खुर्चीजवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बेन, मलाबी एक अक्षर द्या ना." मी 'म' दिला. तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "उद्या सांगते."

आखाजीला गाव रिकामं झाल्यासारखी आमची गल्ली रिकामी होते. खानदेशातली सगळी घरं निघतात, सासुरवाशिणी माहेरी जातात. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आली नव्हती. दारातही कुणी नव्हतं.

त्यानंतर पावसाळा ओसरल्यावर एकदा मला तिची आई भाजीबाजारात भेटली. मीच तिला हाक मारली. ती थांबली, पदर सारखा केला, हसली. मुलगी कशी आहे म्हटल्यावर म्हणाली, चांगली आहे, अंग धरलंय. शाळेत जाते का? "जास," ती म्हणाली. "तठे काही वाचाले सांगतस नही तिले." तिथे तिला कुणी वाचायला सांगत नाही. मला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. शिक्षिका म्हणून मी असं ऐकून घेत उभी होते.

तिने आपणहून फोन लावला. आत्याने उचलला, मग मुलगी आली. "बेन!" इतक्या जोरात ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. "आमनी बकरीले दोन पिलं हुयनात! एक काळं शे, एक पांढरं शे. काळं शे ना, ते आत्यानी साडी खाई गयं!" मग ती सांगतच सुटली. त्या पिलाने साडी खाल्ली, मग आत्या त्याच्यामागे कशी धावली, मग ते देवळात कसं शिरलं, आणि पुजारी त्याला काय म्हणाला. भाजीवाला मेथीच्या जुड्या हातात धरून माझी वाट बघत होता. मी मधे मधे "मग?" म्हणत होते. तिने वर्गाबद्दल काही विचारलं नाही. मीही तिला काही विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर मी आईला विचारलं, तुमचं वाचन चालू आहे ना? तिने मान हलवली. "नही बेन. सोडी दिधं." मी म्हटलं, अहो का? इतकं छान येत होतं तुम्हाला. ती थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, पुस्तक उघडलं की ती समोर बसलेली दिसते, तशीच माझ्या तोंडाकडे बघत. आणि मग तिने जे विचारलं ते ती बहुधा वर्षभर कुणाला तरी विचारायचं म्हणून ठेवून होती.

"बेन, मले उनं. तिले काब्र नही उनं?"

मला आलं, तिला का नाही आलं. मी म्हटलं, कुणाचं डोकं कसं चालतं, त्यात तुमचा दोष नाही, तिचाही नाही. मॅडम नाही का म्हणाल्या, ती हुशार आहे? ती सगळं ऐकून घेत होती, मान डोलावत होती. ते उत्तर नव्हतं, हे तिला कळत होतं आणि मलाही.  मग ती म्हणाली, "चला, येस मी. साड्या पडेल शेतस," आणि गर्दीत शिरली.

यंदा माझ्याकडे पुन्हा तिसरी आहे. दहा मिनिटं चालू आहेत. बहुतेक मुलं वाचायला लागलीत, आणि दुसऱ्या वर्गांतही आता तसंच करून बघतायत. आचार्य पाहुणे आले की त्यांना माझ्या वर्गापाशी घेऊन येतात. खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी आहे. वाचायची पाळी आली की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. मी तिला दुपारच्या सुट्टीत जवळ बसवायला लागले आहे. तिच्या घरी मात्र अजून काहीच बोललेले नाही.